नळवाल्या दाजींचं पहिलं भाषण

आमचे दाजी सहा वर्षं देशाच्या वरिष्ठ सभागृहात बसले, आणि शेवटचा एक दिवस वगळता त्यांनी तिथे तोंडातून चकार शब्द काढला नाही. खिडकीचा एक प्रसंग सोडून. त्या खिडकीकडे मी येणारच आहे, पण माझी खोड अशी की एक सांगायला बसलो की दुसरंच आठवतं, म्हणून दाजी कोण ते आधी सांगून टाकतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने प्लंबर. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, दाजी वायसरची पुडी ठेवायचे. नळाला हात न लावता, नुसता कान देऊन सांगायचे, वायसर गेलाय की आटा. घरी मात्र बोलायला बसले की आवरायचे नाहीत. जेवताना एखाद्या तोटीची गोष्ट सुरू झाली की ताटातलं निवून जायचं, गोष्ट गरमच असायची. मग ताई घसा खाकरायची. दोनदा, मध्ये एक श्वास सोडून. ताई आमच्या गावच्या शाळेतली एकुलती एक शिक्षिका, आणि वर्गात तिच्या त्या खाकरण्याचा अर्थ असा की पाट्या आवरा, शाळा सुटली. घरी अर्थ असा की अहो, पुरे. दाजी वाक्य अर्धं टाकायचे आणि पाणी प्यायचे. सबंध जगात त्यांना थांबवू शकणारा तो एकच आवाज.

असा माणूस वरिष्ठ सभागृहात गेला कसा, तर बेसिनखालून गेला म्हणा. त्या सभागृहात एक जागा कारागिरांची असते. गवंडी, सुतार, वायरमन, प्लंबर, सगळ्यांनी मिळून एक माणूस पाठवायचा. त्यासाठी सभा भरली आणि तीन तास नुसतं भांडण. गवंड्यांना सुतार नको, सुतारांना वायरमन नको. शेवटी एक म्हातारा सुतार वैतागून म्हणाला, "ज्याच्यावर कोणाचाच राग नाही असा एक तरी माणूस आहे का इथे?" सगळ्यांना दाजी आठवले. दाजी सभेत नव्हतेच. ते शेजारच्या खोलीत बेसिनखाली आडवे झाले होते, कारण सभेच्या हॉलच्या मालकाचं पाणी गळत होतं. ओल्या केसांनी बाहेर आले तर समोर शंभर माणसं टाळ्या वाजवतायत. दाजी लाजून म्हणाले, "अहो, एवढं काय, वायसरच होता."

निवड झाली तशी ताई मला म्हणाली, "तू जा बरोबर. यांना चहा करता येत नाही." माझी दुकानातली नोकरी नुकतीच संपली होती. प्रत्येक सदस्याला एक मदतनीस ठेवता येतो, तो मी झालो. माझं शिक्षण ताईच्याच शाळेत, ताई तिथे शिक्षिका व्हायच्या आधीचं, सातवीपर्यंत. मदतनीसाच्या अर्जात 'शिक्षण' या रकान्यात मी 'पूर्ण' असं लिहिलं आणि कोणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी दाजी बोलायला उभे राहिले. मी वरच्या सज्जात होतो. समोर ऐंशी चेहरे, सगळे त्यांच्याकडे वळलेले. दाजींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि खाली बसले. बाहेर आल्यावर रुमालाने मान पुसत मला म्हणाले, "मेहुणे, नळाला चेहरा नसतो हो." त्यानंतर ते उभेच राहिले नाहीत.

आता तिथली एक पद्धत सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. सभागृहाच्या तळमजल्यावर एक लांबट खोली, तीत लाकडी खणांचं मोठं कपाट, आणि कपाटापुढे एक बाई. तिला सगळे सूचीवाल्या बाई म्हणायचे. प्रत्येक सदस्याच्या नावाचं एक कार्ड. कोण कधी कशावर बोललं, कोणत्या पानावर ते छापलंय, सगळं ती बारीक अक्षरात टिपायची. वर्षाअखेर त्याची पुस्तिका निघायची आणि देशभर जायची. कोणाच्या नावापुढे दोन पानं, कोणाच्या पाच. दाजींच्या नावापुढे एक आडवी रेघ.

ती पुस्तिका आमच्या गावात न्हाव्याच्या दुकानात यायची, कशी ते देव जाणे. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून वाचून दाखवायचा. दाजी सुट्टीत दाढीला गेले की विचारायचा, "काय दाजी, यंदा रेघ थोडी लांब झालीय का?"

दाजी म्हणायचे, "तेवढीच आहे. तू वस्तरा सरळ धर."

पण दाजी तिथे नुसते बसून नव्हते बरं का. सदस्यांच्या निवासातल्या साठ खोल्यांतला एकही नळ त्यांनी गळता ठेवला नाही. सत्तेतला असो, विरोधातला असो, सकाळी सातला दार वाजायचं: "दाजी, आहात का? आमचा फ्लश वाहतोय." सत्तेच्या बाकांचे जे म्होरके, त्यांना सगळे पाठीमागे कडक इस्त्री म्हणायचे, कारण त्यांच्या कपड्यांना आणि बोलण्याला सारखीच घडी असायची. ते कडक इस्त्रीसुद्धा एकदा टॉवेल गुंडाळून, डोक्याला फेस, डोळे मिटलेले, भिंत चाचपत आमच्या दारापर्यंत आले होते. मध्येच पाणी गेलेलं. दाजींनी त्यांना हाताला धरून परत नेलं आणि दहा मिनिटांत गिझर चालू करून दिला.

फक्त एक गळती दाजींना दुरुस्त करता येईना. खुद्द सभागृहात, सभापतींच्या खुर्चीमागच्या भिंतीत, पहिल्या दिवसापासून एक ठिपकणं त्यांना ऐकू यायचं. दुसऱ्या कोणालाच नाही. त्यांनी इमारत कचेरीत तीन अर्ज दिले. तिन्हींना एकच उत्तर: सदस्याला या इमारतीत काम करता येत नाही, तक्रार नोंदवली आहे. दाजी म्हणायचे, "मेहुणे, लोक तिथे परराष्ट्र धोरणावर बोलतात आणि मला फक्त टप्प ऐकू येतं."

अशी सहा वर्षं सरत आली. शेवटच्या अधिवेशनात शाळांचं विधेयक आलं. पंधरापेक्षा कमी मुलं असलेली प्रत्येक शाळा बंद, मुलांनी बसने मोठ्या गावी जायचं. ताईच्या शाळेत मुलं अकरा.

ताई सामान आवरायला मदत म्हणून शेवटचे दोन दिवस आली होती. विधेयकाचा कागद तिने वाचला, घडी घालून चहाच्या डब्याखाली ठेवला. म्हणाली, "सव्वीस वर्षं झाली की. पुष्कळ झालं. तुम्ही नका त्रास करून घेऊ." आणि मग धुतलेलेच कप पुन्हा धुवायला घेतले. दाजी बघत होते. तिचे कप धुऊन झाले, तिने तिसऱ्यांदा घेतले, तेव्हा दाजी उठले आणि मला म्हणाले, "चला, सूचीवाल्या बाईंकडे."

मला वाटलं निरोप घ्यायला. तिथे गेल्यावर दाजी म्हणाले, "बाई, माझं कार्ड एकदा बघायचं होतं. उद्या मुदत संपते."

बाईंनी खण ओढला, कार्ड काढलं. कोरं करकरीत. त्यावर माशीसुद्धा बसली नव्हती. दाजी खाली मान घालून उभे. बाई चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमचं पहिलं भाषण अजून शिल्लक आहे."

"शिल्लकच राहणार," दाजी म्हणाले.

"नियमांचं पुस्तक मी काही तुम्हाला वाचून दाखवणार नाही. ते माझं काम नाही. मी आपली मनातल्या मनात वाचते, जरा मोठ्याने वाचायची सवय आहे मला." आणि वाचलं. सदस्याच्या पहिल्या भाषणात कोणीही, सभापतीनेही, व्यत्यय आणायचा नाही. घंटा वाजवायची नाही. वेळेची मर्यादा नाही. सदस्य आपण होऊन खाली बसेपर्यंत ते भाषण चालू आहे असं समजायचं. बाईंनी पान उलटलं. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पाच वाजल्यानंतर मतदान घ्यायचं नाही, आणि तोवर मंजूर न झालेलं विधेयक रद्द. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "आमच्या कर्मचारी निवासातला नळ तुम्ही चैत्रात नीट केलात, तो अजून गळत नाही." आणि कामाला लागल्या.

सगळे पहिल्याच महिन्यात आपलं पहिलं भाषण ठोकून मोकळे होतात. सहा वर्षं ते जपून ठेवणारा माणूस त्या इमारतीत झालाच नव्हता, म्हणून त्या नियमात केवढी जागा आहे हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी शर्टाची बटणं दोनदा चुकीच्या काजात घातली. शेवटी मी लावली. ताई म्हणाली, "चेहऱ्यांची भीती वाटते ना? मग चष्मा काढून ठेवा. दिसलेच नाहीत तर घाबरणार कोणाला?" एवढी साधी युक्ती सहा वर्षांत मला सुचली नाही, आणि मी म्हणे शिक्षण पूर्ण.

दुपारी दोनला चर्चा सुरू झाली. तीनला मतदान होणार आणि विधेयक सहज पास होणार, हे सगळ्यांना ठाऊक. मी आणि ताई सज्जात. सज्जातल्यांनी बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, खुणा करायच्या नाहीत, अशी पाटी समोरच. अडीचला दाजींनी चष्मा काढला, खिशात वायसरच्या पुडीशेजारी ठेवला आणि उभे राहिले.

सभागृह चपापलं. सभापतीबाई पुढे वाकून म्हणाल्या, "माननीय सदस्यांचं हे पहिलं भाषण आहे का?"

कडक इस्त्रींच्या डोक्यात तात्काळ प्रकाश पडला. हुशार माणूस. ते उठलेच. "हरकत आहे. हे गृहस्थ दुसऱ्या वर्षी या सभागृहात बोललेले आहेत. धान्याच्या चर्चेत ते म्हणाले, ती खिडकी लावा हो कोणीतरी. मला पक्कं आठवतं, कारण ती मीच उठून लावली होती."

खालून सूचीवाल्या बाईंना बोलावणं गेलं. त्या जाडजूड खंड घेऊन वर आल्या. सभापतीबाईंनी वाचलं. "इथे असं आहे: एक सदस्य, खिडकी लावा. नाव नाही. नोंदीवरून कोण बोललं हे ठरत नाही."

झालं, सुटलो, असं म्हणून मी श्वास सोडतोय तोच दाजी म्हणाले, "नाही बाई, मीच म्हणालो होतो. फार वारं येत होतं."

ताईने डोळे मिटून घेतले. मी कपाळावर हात मारला, आवाज न करता. कडक इस्त्री हसून खाली बसायला लागले होते.

सभापतीबाईंनी क्षणभर दाजींकडे बघितलं. म्हणाल्या, "मी अजून तुम्हाला बोलायची परवानगी दिलेली नाही. परवानगीशिवाय बोललेलं नोंदीत जात नाही. तेव्हा तुम्ही आत्ता काय म्हणालात ते या सभागृहाने ऐकलेलं नाही. आता परवानगी आहे. सुरू करा. आणि खिडकीबद्दल बोलू नका."

दाजी बोलायला लागले.

पहिली दोन मिनिटं आवाज इतका बारीक की लघुलेखक माना पुढे काढून बसलेले. मग त्यांनी खिशातून एक वायसर काढला, बोटात धरला, आणि म्हणाले, "हा बघा. एवढासा. पण हा नसला तर सबंध टाकी रिकामी होते." झालं. घरची तोटी उघडली. वायसर कसला असतो, पूर्वी कातड्याचा असायचा, मग रबराचा आला, रबर उन्हाने कसं तडकतं. साडेतीन वाजले. कडक इस्त्री घड्याळाकडे बघतायत, नियमाच्या पुस्तकाकडे बघतायत, आणि पुस्तक काही बदलत नाहीये.

मग दाजी शाळेवर आले.

"शाळेच्या अंगणात एक नळ आहे," ते म्हणाले. "तो मी बसवलाय. त्याची उंची ठरलेली नाही. जूनमध्ये नवी मुलं आली की आमच्या मंडळी सगळ्यांत बुटक्या मुलाला नळाशी उभं करतात, आणि मी नळ त्याच्या हनुवटीला आणतो. उंच पोरांना वाकता येतं. बुटक्याला उंच होता येत नाही. सव्वीस वर्षं मी तो नळ वरखाली करतोय. मोठ्या गावच्या शाळेत मी जाऊन आलो. तिथे बारा नळ आहेत, चांगले आहेत, सगळे एका उंचीवर. माझं एवढंच विचारणं आहे की आमचा बुटका तिथे पाणी कसा पिणार."

ताई समोरची पाटी वाचत होती, पुन्हा पुन्हा, पाच ओळींची पाटी.

मला वाटलं आता हे बसणार. चार वाजले होते. पण दाजींना रंग चढला होता. चेहरे दिसत नव्हते, समोर नुसतं धुकं, आणि धुक्याशी काय हवं ते बोलता येतं. त्यांनी निवासातले नळ काढले. खोली चौदामध्ये रात्रभर नळ सुटा असतो, कारण तिथल्या सदस्यांना पाण्याच्या आवाजाशिवाय झोप येत नाही. खोली एकतीसमध्ये मोरीत सापडलेल्या दाताच्या कवळीला अजून मालक मिळालेला नाही, ती इमारत कचेरीत आहे, ज्यांची असेल त्यांनी ओळख पटवून न्यावी. हशा. मागच्या बाकावरचे एक वयस्क सदस्य तोंडावर हात ठेवून बाहेर गेले आणि पंधरा मिनिटांनी फार व्यवस्थित हसत परत आले. मग टॉवेल आणि फेसाची गोष्ट. दाजींनी नाव घेतलं नाही, पण बोलता बोलता म्हणाले, "टॉवेललासुद्धा इस्त्री होती हो," आणि ऐंशीच्या ऐंशी माणसं एकाच माणसाकडे वळली. कडक इस्त्रींनी बराच वेळ ओठ आवळून धरले. मग तेही फुटले. हसताना त्या माणसाच्या घड्या मोडलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

पावणेपाचला दाजी थांबले. सगळं सांगून झालं होतं. सहा वर्षांतलं एकूण एक. ते उभे, तोंड उघडं, शब्द नाही. कडक इस्त्री अर्धवट उठले. सभापतीबाई म्हणाल्या, "सदस्य अजून उभे आहेत."

आणि त्या शांततेत, देवाशपथ सांगतो, मला ऐकू आलं. टप्प.

दाजींनी बोट वर केलं. "ऐकलंत? सभापतीबाईंच्या मागे. सहा वर्षं झाली. तीन अर्ज दिलेत." टप्प. "आता हा मोठा. यानंतर दोन लहान येतील." सगळं सभागृह श्वास रोखून बसलं. आले. दोन लहान. कोणीतरी हळूच "वा" म्हणालं. ज्या माणसांनी एकमेकांचं कधी ऐकून घेतलं नाही, ती माणसं दहा-बारा मिनिटं भिंतीला कान लावल्यासारखी बसली होती, आणि दाजी प्रत्येक थेंबाची फोड करून सांगत होते, हा वाकणातला, हा सांध्यातला.

घड्याळाने पाचचे ठोके दिले. विधेयक संपलं. मी ताईचा हात इतक्या जोराने दाबला की तिची बांगडी वाकली.

पण दाजी थांबेनात. ठोके कानावर पडले असतील, पण त्यांचं सगळं लक्ष त्या थेंबांत. घड्याळ बघावं तर चष्मा खिशात. ते आता जमिनीखालच्या पाइपांवर गेले होते. सव्वापाच झाले. त्यांच्याच बाकांवरचे लोक हातवारे करतायत, बसा, बसा. दाजींना तेही धुकंच. व्यत्यय आणायची सभापतींनाही सोय नाही. साडेपाचच्या गाडीने जाणाऱ्यांनी पिशव्या मांडीवर घेतल्या, मग परत खाली ठेवल्या. एका सदस्याने सज्जाकडे बघून माझ्यापुढे हात जोडले. मी पाटीकडे बोट दाखवलं. खुणा करायच्या नाहीत.

तेव्हा ताईने पाटी शेवटची एकदा वाचली. बोलणं, टाळ्या, खुणा. खाकरण्याबद्दल पाटीवर काही नव्हतं.

ताईने घसा खाकरला. दोनदा, मध्ये एक श्वास सोडून.

दाजींनी वाक्य अर्धं टाकलं, खाली बसले आणि समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायले.

टाळ्या वाजवणं तिथे नियमात बसत नाही. त्या वाजल्या, नोंदीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दाजी सदस्य उरले नव्हते, म्हणजे काम करायला मोकळे झाले. सामान गाडीवर चढवून आम्ही निघालो, तर वाटेत गाडी थांबवून ते पान्यांची पिशवी घेऊन इमारतीत शिरले. कडक इस्त्रींनी स्वतः सही केलेला परवाना होता. भिंतीतला सांधा निघाला. अर्ध्या तासाचं काम. इमारत कचेरीच्या माणसाने विचारलं, "एवढंच होतं?" दाजी म्हणाले, "एवढंच होतं."

त्या वर्षीच्या पुस्तिकेत दाजींच्या नावापुढे लिहिलंय: पहिले भाषण, पाने ४१२ ते ४५५, शाळा, नळ, इतर. न्हाव्याने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि त्या दिवशी दाढी करताना एक अक्षर बोलला नाही.

विधेयक पुढच्या वर्षी परत आलं. कडक इस्त्रींनीच आणलं. फक्त पंधराच्या जागी दहा होते.

ताईच्या शाळेत तेव्हाही मुलं अकराच होती. एक मुलगी मोठी होऊन गेली, एक नवी आली. जूनमध्ये ताईने तिला नळाशी उभं केलं, दाजींनी पाना लावला आणि मी पाइप धरला. चार बोटं खाली घ्यावा लागला.